पार्सलचा कान

३ तारीख, सोमवार

आधी एक गोष्ट लिहून ठेवते. मी भित्री नाही. लहानपणी आमच्या गल्लीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं तेव्हा सगळे दारं लावून बसले होते आणि मी एकटी काठी घेऊन बाहेर गेले होते. पण आत्ता हे लिहिताना शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली आणि हातातलं पेन उडालं. चिमणी हसली. सात वर्षांची पोरगी आईला हसते, म्हणजे ती माझ्यापेक्षा सावरली आहे. बरं आहे.

आम्ही नवऱ्याच्या त्या घरातून निघून दोन महिने झाले. नंबर बदललाय, गाव बदललंय. जिन्यात पाय वाजला की मी अजून श्वास धरते. पाय वरच्या मजल्यावर गेला की सोडते.

आज मालकीणबाई वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या वर येतात तेव्हा काहीतरी कारण असतं. म्हटलं झालं, भाड्याचं विचारणार. तर म्हणाल्या, "अगं मुली, खालची अडगळीची खोली माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर भंगार आणून भरून ठेवलीय. मला फोनवर ते विकायचं वगैरे जमत नाही. तू विक. निम्मं तुझं."

या बाईनं मला पहिल्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं. माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, चिमणीकडे पाहिलं आणि किल्ली दिली. मी लगेच हो म्हटलं. फोनवरून माल विकायचा म्हणजे तोंड दाखवायला नको, कुणासमोर उभं राहायला नको. माझ्यासारखीला याहून चांगलं काय?

५ तारीख, बुधवार

दुकान उघडलं. फोनमधल्या दुकानालाही नाव लागतं म्हणे. मी लिहिलं: जुनं पण चालू. मालकीणबाई म्हणाल्या, "हे आपल्या दोघींनाही लागू पडतं." किती दिवसांनी मी खळखळून हसले.

फोटो काढायचे नियम ठरवलेत. खिडकी दिसता कामा नये. आरशासमोर काही ठेवायचं नाही. स्टीलच्या भांड्यात चेहरा उमटतो म्हणून ते तिरकं धरायचं. माझा हात दिसता कामा नये, मनगटावरचा भाजल्याचा डाग तो लगेच ओळखेल. आवाज कुणाला पाठवायचा नाही. घरचा पत्ता द्यायचा नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून कुरिअरच्या दुकानाचा. इतका विचार केलाय की आता त्याला माझा मागमूस लागणं शक्य नाही.

त्यानं सांगितलं होतं, "तू खुशाल जा. पोरगी माझी आहे. पाताळातून काढून आणीन." पोलिसांकडे मी एकदा गेले होते, तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि घरगुती बाब म्हणून घरी पाठवलं. त्या संध्याकाळचं मी इथे लिहिणार नाही.

९ तारीख, रविवार

पहिला माल गेला! चहाचा सेट, पाच कप, सहा बश्या. मी खरं तेच लिहिलं होतं, एक कप नाही म्हणून. एका बाईनं घेतला. म्हणाली, आम्ही घरात पाचच जण आहोत.

बांधायला बसले आणि हात आपोआप चालायला लागले. त्या घरचं क्रोकरीचं दुकान. आठ वर्षं मी मागच्या खोलीत बसून काचा बांधल्या. सासूबाईंनी शिकवलं होतं. रद्दीचा लांब पीळ करून आधी काठाला गुंडाळायचा, मग पोट भरायचं. काठ आधी, पोट नंतर. चुकलं की त्या बोटावर टिचकी मारायच्या, बोलायच्या नाहीत. मग खोका, मग सुतळी आडवी-उभी, आणि वरती तीच सुतळी पिळून केलेला वेटोळ्याचा कान. "पार्सलला कान पाहिजे. गिऱ्हाईकाला ते कान धरून नेता आलं पाहिजे," असं म्हणायच्या. त्यांच्या सासूकडून त्यांनी घेतलं होतं. बाजारात दुसरं कुणी तसा कान करत नाही, बघणारे लोक थांबून बघायचे.

त्या घरातून मी दोन पिशव्या, चिमणी आणि एवढं कसब आणलंय.

बाईला खात्री पटावी म्हणून बांधलेल्या पार्सलचा फोटो पाठवला. नुसतं पार्सल. हात नाही, खिडकी नाही, काही नाही.

१३ तारीख, गुरुवार

चहाच्या सेटवाल्या बाईनं सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय: "एकही कप हलला नाही. पॅकिंग तर इतकं देखणं की सोडवावंसं वाटेना." त्याखाली आणखी दोघांनी विचारलं, असंच बांधून देणार का? इस्त्री गेली, घड्याळ गेलं, बरण्या गेल्या. कुरिअरवाला म्हणतो, "वहिनी, तुमची पार्सलं मी दुरूनच ओळखतो. बाकीची ढकलावी लागतात, तुमची बोटाला लटकवून नेतो."

मला काय गार वाटलं! आठ वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणून दुकानाच्या नावापुढे जिथे चित्र लावतात तिथे मी कानवाल्या पार्सलचा मोठा फोटो लावलाय. खोका, सुतळी आणि कान. माझी ओळख पटेल असं त्यात काहीही नाही.

चिमणी बाहुलीच्या डबीला कान बांधायला शिकली. तिचा कान माझ्यापेक्षा नीट होतो.

१७ तारीख, सोमवार

एक विचित्र गिऱ्हाईक आलंय. नाव नाही, फोटोच्या जागी एक निळी बरणी. काठ उडालेली ताटली मागितली. ती ताटली मी कुणी घेतली तर घेतली म्हणून दुकानात लावली होती. घासाघीस केली नाही. एकदाच लिहिलं, "टवका चालेल." मग विचारलं, "काम एकट्यानं करता का?" मी उत्तर दिलं नाही. पत्ता दुसऱ्याच गावचा, एका चपला शिवणाऱ्याच्या दुकानाचा. म्हणे तिथे ठेवा, मी घेईन.

ज्याला ताटली पाहिजे तो चपलांच्या दुकानात कशाला मागवेल? मनात पाल चुकचुकली. पण माल आहे, पैसे आलेत. पाठवून दिली.

२० तारीख, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी निळ्या बरणीचा निरोप. ताटली मिळाली असेल म्हणून उघडला. लिहिलं होतं: "खोके उचलताना कंबर सांभाळा."

माझ्या कंबरेचं या गावात कुणालाही माहीत नाही. मालकीणबाईंनाही नाही. त्यानं मला दुकानातल्या शिडीच्या घोडीवरून ढकललं तेव्हापासून ती दुखते, आणि ते त्या घराच्या भिंतींनाच माहीत आहे. म्हणजे तोच आहे. आणि निळ्या बरण्या? आमच्या दुकानात तसल्या बरण्यांची रांग होती! मला वेड लागलं होतं का? मी त्याच्या हातात माझ्या हातानं बांधलेलं पार्सल दिलं!

मला खेळवतोय. एकदम येणार नाही, आधी असं टोचत राहील. त्याची तशी सवयच आहे.

मी निळ्या बरणीला ब्लॉक केलं. आता त्याचा एक शब्द माझ्यापर्यंत पोचणार नाही. चिमणीला शाळेत पाठवलं नाही. ती विचारते, "आई, आज सुट्टी कसली?" म्हटलं, आईला ताप आहे. खोटं नव्हतं, अंग खरंच तापलं होतं.

२२ तारीख, शनिवार

खाली एक हेल्मेटवाला बराच वेळ उभा होता. पडद्याच्या फटीतून बघत राहिले. मग वरच्या मजल्यावरची मुलगी धावत गेली आणि त्याच्या मागे बसून निघून गेली. हसावं की रडावं कळेना.

बसल्या बसल्या निघालो तो दिवस आठवला. तो माल आणायला गेला होता. पुढच्या दाराला कुलूप, किल्ली त्याच्याकडे. सासूबाई मागच्या खोलीत पाठमोऱ्या बसून कप बांधत होत्या. नेहमी तशाच बसायच्या. तो मला मारायचा तेव्हाही तशाच. त्यांच्या त्या पाठीचा मला त्याच्या हातापेक्षा जास्त राग यायचा. खरंच लिहिते, अजून येतो.

मागचं दार मी सहज ढकलून बघितलं तर उघडं! सासूबाई आयुष्यात कधी कुलूप विसरल्या नव्हत्या, झोपेतही किल्ल्या चाचपायच्या. नेमकं त्याच दिवशी विसरल्या. नशीब म्हणतात ते हेच. आणि वाटखर्चाची अक्कल मला कुठे होती? पिशवीत चिमणीच्या फ्रॉकांखाली नोटांची पुडी निघाली. मीच कधीतरी दडवलेली असणार, भीतीनं माणूस काय काय विसरतो.

सासूबाई एकदाही वळल्या नाहीत. मी जिना उतरले तरी त्यांचा कागदाचा आवाज चालूच होता.

२४ तारीख, सोमवार

कुरिअरवाला शिट्टी वाजवत आला. "वहिनी, एक पार्सल परत आलंय. चपलांच्या दुकानातून."

घेतलं. त्याला काही कळू नये म्हणून हसले. बराच वेळ ते कोपऱ्यात बादलीखाली झाकून ठेवलं. चिमणी म्हणाली, "आत उंदीर आहे का?"

शेवटी सुरीनं फाडलं. सगळं चिकटपट्टीनं बांधलेलं, सुतळीचा तुकडा नाही. आत वरतीच माझ्या पार्सलचा कान पडला होता. कापलेला. मुळापासून, स्वच्छ.

चिठ्ठी नाही, शब्द नाही. फक्त कापलेला कान.

मी समजले. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, माझं न ऐकणाऱ्याचे कान मी जाग्यावर ठेवत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, चेष्टा करतोय. खोका तसाच पलंगाखाली ढकलला.

इथून निघायला हवं. पण नव्या खोलीसाठी हातात काही हवं, आणि अडगळीत आता एकच मोठी वस्तू उरलीय, मालकीणबाईंचा जेवणाचा अख्खा सेट. तो गेला की मी गेले.

२५ तारीख, मंगळवार

देवानं कुणीतरी पाठवलं. फोटोत हसरं कुत्र्याचं पिल्लू. किती अदबीनं बोलतो! "ताई, तुमचं पॅकिंग बघून थक्क झालो. असा कान कुठे शिकलात हो? आजकाल अशी मेहनत कोण घेतं?" जेवणाचा सेट पाहिजे, सांगितली ती किंमत कबूल. फक्त कुरिअरवर भरवसा नाही, म्हणून स्वतः येऊन नेणार. मी घरचा पत्ता देत नाही म्हटल्यावर राग नाही, काही नाही. "तुमचं बरोबर आहे ताई, बाईमाणसानं जपूनच राहावं. तुम्ही म्हणाल तिथे येतो."

चौकातलं औषधाचं दुकान सांगितलं, परवा चारला. मनातली भीती जरा खाली बसली, उद्यापासून चिमणीला पुन्हा शाळेत पाठवते. जगात चांगली माणसं आहेत, एवढं विसरायला झालं होतं. निळ्या बरणीच्या भीतीनं मी सगळ्यांनाच तो समजायला लागले होते. तो कुणाला "ताई" म्हणेल? त्याच्या जिभेला ते वळण नाही.

शेवटी त्यानं लिहिलं, "मुलांना घेऊन आलात तरी चालेल, खाऊ आणतो." बघा, किती मायाळू.

२७ तारीख, गुरुवार, दुपार

घाईत लिहितेय. लिहिल्याशिवाय डोकं थाऱ्यावर येणार नाही.

जेवणाचा सेट बांधायला बसले. सहा ताटं झाली आणि रद्दी संपली. खाली जायचा धीर नव्हता. म्हटलं, त्या परत आलेल्या खोक्यातला कागद वापरू. पलंगाखालून ओढला. ताटली बाहेर काढली आणि कागद सोडवायला लागले.

काठाला पीळ होता. रद्दीचा लांब पीळ, डावीकडून उजवीकडे, टवक्यावर दुहेरी. मग पोट. काठ आधी, पोट नंतर. बोटं थांबली. हे मी बांधलेलं नव्हतं, मी टवक्यावर दुहेरी घेतलं नव्हतं, कंटाळा केला होता.

त्याला पार्सल बांधता येत नाही. अख्ख्या आयुष्यात त्यानं एक कप गुंडाळला नाही, तो फक्त गल्ल्यावर बसायचा. त्या घरात असं दोघींनाच येतं. एक मी. आणि दुसरी?

सासूबाई.

मी जमिनीवरच बसले. कंबर सांभाळा. टवका चालेल. काम एकट्यानं करता का. यातलं एक तरी वाक्य तो बोलला असता का? त्याला माझी कंबर कधी दुखलेली दिसली होती? ती पाठमोरी बाई सगळं बघत होती! दार विसरली नव्हती. पुडीही मी दडवली नव्हती.

आणि कान. तिनं कान कापून पाठवला. सगळं अगदी तिच्या शिस्तीनं बांधलं आणि तेवढाच काढला. कान करू नकोस, कानावरून कळतं. तिला कळलं तसं त्यालाही कळेल. मी मूर्ख, हात झाकले, खिडकी झाकली, आणि कान मात्र एवढा मोठा करून दुकानाच्या माथ्यावर टांगला! तिला लिहून कळवता आलं असतं, पण मी तिचं तोंडच बंद केलं होतं. ब्लॉक.

त्याला आधीच कळलंय. "असा कान कुठे शिकलात हो?" लग्नाआधी माझ्याशीही असाच बोलायचा, अदबीनं. मुलांना घेऊन या. खाऊ आणतो. मी मुलं आहेत असं त्याला कधी सांगितलं होतं?

साडेतीन वाजलेत. चिमणीला शाळेतून आणायला त्याच चौकातून जावं लागतं.

२७, संध्याकाळ

धावत खाली गेले आणि मालकीणबाईंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, घोडीवरून पडल्याचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "कडेकडेनं मागच्या गल्लीनं जा, पोरीला घेऊन माझ्या बहिणीकडे बस. मी औषधं आणायला जाते." गुडघ्यांचं नाव न घेता पिशवी उचलून निघाल्या.

चिमणीला शाळेच्या मागच्या फाटकातून काढलं. हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, माझी बोटं." तरी मी सोडला नाही.

मालकीणबाई अंधार पडायच्या आत आल्या. पाणी प्यायल्या, मग बोलल्या. "आलाय. नीट भांग, इस्त्रीचे कपडे. औषधवाल्याला तुझ्या पार्सलचा फोटो दाखवत होता. हातात नवी कोरी बाहुली. मी म्हटलं, कुणाला शोधता? म्हणे, बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, मुलीला घेऊन हिंडतेय."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, अगंबाई, तीच का ती? परवाच खोली सोडून गेली, समुद्राकडच्या गाडीत बसताना मीच पाहिली. इतकं छान खोटं मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नव्हते." हसल्या, मग उठून दाराला आतून कडी घातली.

"बाहुलीचं काय केलं त्यानं?" चिमणीनं विचारलं.

२८ तारीख, शुक्रवार

आज निघतोय. मालकीणबाईंच्या बहिणीच्या ओळखीनं दुसऱ्या गावी खोली मिळालीय. जेवणाचा सेट मालकीणबाई स्वतः विकणार आहेत, निम्मे आगाऊच माझ्या हातात कोंबले.

दुकानातले सगळे फोटो काढून टाकले. दुकान पूर्ण बंद करायला बोट नेलं आणि थांबले. निळ्या बरणीचा ब्लॉक काढला. काय लिहू? तिचा फोन तो बघत असणार. कदाचित तिच्याच फोनमध्ये त्याला माझं दुकान दिसलं असेल, तिनं माझी ख्यालीखुशाली विचारायला म्हणून टवक्याची ताटली घेतली तेव्हा. तिलाही हे कळलं असेल का?

काही लिहिलं नाही. तीच ताटली पुन्हा बांधली. काठ आधी, पोट नंतर, टवक्यावर दुहेरी. वरती फक्त चिकटपट्टी. कान नाही. चपलांच्या दुकानाचा पत्ता घालून गाडीत बसायच्या आधी दिली. कुरिअरवाला पार्सल उलटंपालटं करून म्हणाला, "वहिनी, हे तुमचं नाही वाटत." म्हटलं, बरोबर आहे, माझं नाही.

६ तारीख, रविवार

नवी खोली. जिना लाकडाचा, फार वाजतो. मी अजून श्वास धरते.

रोज फोन बघत होते. पार्सल त्याच्या हाती लागलं असेल तर? तिला त्यानं काही केलं असेल तर? आठ वर्षं त्या पाठीचा राग केला, आणि आता ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज निळ्या बरणीचा निरोप आला. उघडायला कितीतरी वेळ लागला.

"पोचली. कंबर सांभाळ."

रडू आवरेना. चिमणी घाबरली, म्हणाली, "कोण आहे?" म्हटलं, "आजी." ती म्हणाली, "मग तिला बोलाव ना इकडे." जुनं पण चालू कायमचं बंद केलं. आता तोही मला शोधू शकणार नाही, आणि तीही.

संध्याकाळी चिमणीनं बाहुलीची डबी बांधून आणली. वरती कान, पिळदार, देखणा, अगदी आजीसारखा. मी पटकन कात्री घेतली. तिचा चेहरा पडला. मग कात्री खाली ठेवली, डबी कान धरून उचलली आणि तिला म्हटलं, "घरात बांध. बाहेर कुणाला दाखवायचा नाही."